कार्ड थोरलीचं, हात धाकटीचा

पिंपळगावच्या त्या पॅकहाउसमध्ये द्राक्षं निवडायला पेठ तालुक्यातल्या बायका यायच्या. प्रत्येकीला फोटोचं कार्ड. एखादीला जमलं नाही की तिची जाऊ नाहीतर बहीण तेच कार्ड गळ्यात घालून यायची, कारण तीन दिवस खाडा झाला की जागा जायची. फाटकावर फोटो कोणी बघत नव्हतं. सुपरवायझर तर बदली आलेल्या बाईला तिच्या खऱ्या नावानेच हाक मारायचा. सगळ्यांना माहीत होतं, सगळ्यांच्या सोयीचं होतं. मालकाच्या सर्वांत जास्त.

थोरली जाऊ तापाने पडली म्हणून धाकटी आली, आणि माल पुढे नेणाऱ्या पट्ट्याच्या रोलरमध्ये तिचा उजवा हात गेला. तीन बोटं काढावी लागली.

मालकाने स्वतःच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. घरी किराणा पाठवला. बायका म्हणाल्या, देवमाणूस! मी कामगार संघटनेतर्फे तिच्या वतीने भरपाईचा अर्ज केला, तेव्हा देवमाणसाचं उत्तर आलं: या नावाची बाई आमच्याकडे कामालाच नव्हती. हजेरीत थोरली होती, आणि थोरलीचा हात शाबूत होता.

मला आजही याची चीड येते. दया दाखवायला त्याची ना नव्हती, ती त्याच्या मर्जीची होती. हक्क म्हटला की दार बंद. काम कोणी केलं ते बघा, गळ्यात काय होतं ते नको, असं मी पत्रकात ठळक छापलं आणि ते घेऊन बायकांच्या मुक्कामावर गेले. साक्षीला कोण येतं?

बायकांनी पत्रक हातोहात फिरवलं. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "ताई, कागद लय चांगला हाय. पन आमी खरं सांगितलं का उद्यापून फोटू बघतील. माझ्या कार्डावर माझी सून जाते."

"मग धाकटीचा हात गेला तो गेलाच?"

"वरडू नका. आमी बहिऱ्या नाय."

मी त्यांना भित्र्या म्हणाले. तो शब्द मी तेव्हाच परत घ्यायला हवा होता.

चौकशीच्या दिवशी नाशिकच्या कामगार कार्यालयात धाकटी हात पदराखाली घेऊन बसली. थोरली नुसती सोबतीला आली आहे, असं मला वाटलं. मॅनेजरने रजिस्टर उघडलं. "साहेब, त्या दिवशी कामावर या बाई होत्या," असं म्हणून त्याने थोरलीकडे बोट केलं.

थोरली उठली. कार्ड काढून रजिस्टरवर ठेवलं. "मी नव्हते, साहेब. मी तापानं घरी पडलेली. ही व्हती. ह्यांच्या सुपरवायझरला इचारा."

"म्हणजे फसवलंत आम्हाला," मॅनेजर म्हणाला. "कार्ड बंद होईल."

"करा बंद. पन आधी हिचं नाव लिवा."

अधिकाऱ्याने लिहिलं. त्या प्रकरणाच्या कागदांत धाकटी पहिल्यांदाच कामगार झाली. तारखा अजून चालू आहेत.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "वहिनी, तुम्ही लढलात."

"लढले कसली? तापात मीच तिला म्हनले, जा, नायतर जागा जाईल. मालकाचं लिवता ना पत्रकात? मग तिला कोणी धाडली, ते बी लिवा."

पुढच्या हंगामात थोरलीला कोणी बोलावलं नाही. पत्रकात मी मालकाचं सगळं लिहिलं, तिचं ते वाक्य नाही लिहिलं. "धाकटीला मी कामाला लावलं," हे मालकाने म्हणायला हवं होतं. तो अजून म्हणत नाही.