पेरिनामावशीचा अंजीर

१५ ऑगस्ट, मारियामाउलीचा सण.

शेजारच्या बेटावरची मिरवणूक आटोपून शिडाच्या होडीने परत निघालो, तर पेरिनामावशीने हट्ट धरला, "हॉटेलाकडे वळव रे येर्को. मरायच्या आधी एकदा बघू दे."

येर्को माझा नवरा. त्याने नांगर टाकला, पण स्वतः उतरला नाही. त्या बंद हॉटेलचं पाण्याचं टाकं त्यानेच बांधलेलं. आठव्या वर्षी ते ऐन हंगामात फुटलं, पाहुणे पळाले, हॉटेल बुडालं. मॅनेजर चारचौघांत म्हणाला, गवंड्यानं सिमेंट चोरलं. तेव्हापासून छत्तीस वर्षं गाव त्याला 'गळका येर्को' म्हणतं.

अठ्ठ्याहत्तरीची मावशी काठी टेकत तरातरा पुढे. दिवाणखान्यात बकऱ्यांच्या लेंड्या, नाचघराचं छत खाली आलेलं. तिचं लक्षच नव्हतं. थेट मागच्या अंगणात गेली. तिथे टाक्याला खेटून अंजिराचं थोराड झाड, फळांनी वाकलेलं. मुळांनी भिंत दोन ठिकाणी उकललेली.

"माझं आहे हे," मावशी म्हणाली. "टाक्यासाठी मॅनेजरनं माझ्या बापाचा अंजीर तोडला. मी इथं चादरी धुवायची. तोडलेल्या झाडाची काडी उचलली आणि भिंतीच्या बुडाशी खोचली. वर आला की छाटायची. मुळं कुणाला दिसतात?" तिने एक फळ फोडून पुढे केलं. "खा गं, नुसती साखर आहे."

टाक्याजवळ अंजीर लावू नये, हे आमच्या बेटांवर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"मावशी, आळ माझ्या नवऱ्यावर आला."

"आला खरा."

"आज गावात सांग. देवळाच्या पायरीवर, सगळ्यांसमोर."

"वेड लागलं का? या वयात माझी शोभा करतेस! मी गेल्यावर सांग."

"तेव्हा कोण ऐकणार? म्हणतील, गळक्याची बायको मेलेल्या माणसावर ढकलतेय."

"मग नको सांगूस. त्याला आता सवय झालीय." मावशी हसली. हनुवटीवरून रस ओघळत होता.

मी तिचा हात धरून तिला होडीत चढवलं. "काय पाहिलंत?" येर्कोने विचारलं.

"अंजीर," मावशी म्हणाली आणि खिशातले तीन त्याच्या हातावर ठेवले. त्याने खाल्ले. बिचारा म्हणाला, गोड आहेत.

घरी येऊन जपमाळ घेतली. 'आम्ही जशी आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' इथे दोनदा अडले. तिसऱ्यांदा ती ओळ सोडून पुढे गेले.

मावशीच्या जावयाने यंदा तिच्या ओट्याखाली नवं टाकं बांधून घेतलंय. परगावच्या गवंड्याकडून. गळक्याला कोण बोलावणार?

ऑगस्टात काडी जीव धरत नाही. म्हणून याच वहीच्या शेवटी पुढच्या वर्षीच्या २ फेब्रुवारीचं, मेणबत्त्यांच्या सणाचं पान आखून लिहिलं: हॉटेलवर जाणे. छाटणीची कात्री, ओलं फडकं.

मावशीची आई एकशे एक वर्षं जगली. माउली, मावशीलाही तेवढंच आयुष्य दे.