अकरा सेकंदांचा अबोला

लेखन हा माझा प्रांत नव्हे, हे आधीच कबूल करते आणि वाचकांची क्षमा मागते. शाळेत संस्कृत शिकवताना उभी हयात मी इतरांच्या वाक्यांखाली लाल रेघा ओढल्या. स्वतःचे वाक्य मात्र कधी कागदावर उतरवले नाही, कारण त्याखाली कोणी रेघ ओढील याची धास्ती होती. बासष्टाव्या वर्षी हे धाडस करते आहे त्याला कारण आमच्या थोरल्या जाऊबाई. त्यांनी काल मला एक साधा प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आले नाही. तो प्रश्न ज्या नाटकातून निघाला, ते मी दोन रूपांत जवळून पाहिले आहे. एक नगरच्या सावेडीतल्या घरांच्या हॉलमधले आणि एक राहात्याजवळच्या मोठ्या मैदानावरचे. दोन्हीकडे मी एका बाजूला पेटी घेऊन बसले होते. त्यामुळे माझे मत पूर्ण निःपक्षपाती नाही, हेही नोंदवून ठेवते.

आमच्या गल्लीत चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक राहतात. सारी गल्ली त्यांना ‘सर’ म्हणते. निवृत्तीनंतर त्यांनी तासाभराचे एक संगीत नाटक लिहिले आणि चालीही स्वतःच लावल्या. कथा एवढीशीच: पेरूची एक बाग, तिचे दोन वाटे आणि एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन जावा. दोघी आपापल्या टोकाला उभ्या राहून पोपट हाकतात, आणि हाकताना पोपटाला जे सुनावतात ते खरे पलीकडच्या जावेला असते. थोरली म्हणते,

‘हुर्र रं पाखरा, फांदी सोड, ऊड,
आयत्या पेरवाची लई तुला ओढ!’

की लगेच धाकटीचे उत्तर येते,

‘हुर्र रं पाखरा, पल्याड जा,
थोरलीच्या वाट्याचं गोड तेवढं खा!’

असे तासभर चालते. शेवटी पोपट दमतात, जावाही दमतात, आणि थोरली पहिल्यांदा धाकटीशी थेट बोलते. तीनच शब्द: ‘दमलीस का गं?’ तिथे नाटक संपते.

थोरलीची भूमिका सरांनी आमच्या जाऊबाईंना दिली, कारण त्यांचे माहेर राहात्याकडचे आणि लहानपणी त्यांनी खरोखर बाग राखलेली. धाकटीच्या भूमिकेला बँकेत नोकरी करणारी शेजारची सूनबाई मिळाली. पेटीसाठी सर माझ्याकडे आले. मी पेटी शिकायला लागले ती अठ्ठावन्नाव्या वर्षी. मला सात राग येत होते आणि त्यांतले चार ऐकणाऱ्याला ओळखू येत होते. मी ही अडचण सांगितली तेव्हा सर म्हणाले, ‘बाई, मला हळू वाजवणारंच माणूस हवंय. तुमच्याइतकं हळू नगरमध्ये कोणी वाजवत नाही.’ ही स्तुती आहे की काय, याचा मी अद्याप विचार करते आहे.

पहिला प्रयोग सरांच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी चार वाजता झाला. सतरंज्यांवर चाळीसेक माणसे दाटीवाटीने बसली होती. पंखा चालू ठेवला तर गाणे ऐकू येत नसे, म्हणून पंखा बंद. सगळे प्रेक्षक हातातल्या कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत होते. बागेच्या जागी दोन कुंड्या होत्या, पोपट कल्पनेतले होते, आणि ते हाकण्याचा डबा म्हणजे सरांकडचा तेलाचा रिकामा डबा. तबलजीने तो इतक्या तन्मयतेने बडवला की खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दोनदा वर येऊन विचारपूस केली. दुसऱ्यांदा ते बसूनच राहिले. मध्यंतरात तिखटमीठ लावलेल्या पेरूच्या फोडी वाटल्या, ही सरांची एकमेव चूक. पुढचा अर्धा तास करुण प्रसंगांतही चहूकडून कुरुमकुरुम ऐकू येत होते.

मग शेवटचा प्रसंग आला. जाऊबाई धाकटीसमोर उभ्या राहिल्या, मी षड्ज धरला आणि त्या तीन शब्दांची वाट पाहू लागले. शब्द येईनात. जाऊबाई धाकटीकडे टक लावून पाहत होत्या. मी डाव्या हाताने भाता हलवत सूर धरून ठेवला. हात भरून आला. शेजारच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तरी कोणी हलले नाही. पत्रिकांचा वारासुद्धा थांबला. मी जमिनीवर, जाऊबाईंच्या पायांपाशीच बसले होते; त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा फरशीवर हलला आणि लगेच शब्द आले, ‘दमलीस का गं?’ आवाज मधेच चिरकला. धाकटी खरीच रडू लागली. खालच्या मजल्यावरचे आजोबाही.

नंतर सर डोळे पुसत आले. ‘हा विराम तुम्हाला सुचला कसा?’

‘सुचतोय कसला!’ जाऊबाई पदराने घाम पुसत म्हणाल्या. ‘तीन शब्द, आणि तिन्ही विसरले. हिची पेटी थांबली असती तर मी घरीच निघून जाणार होते.’

सरांनी संहितेत लिहिले, ‘येथे दीर्घ विराम.’ पुढे वर्षभर कुणाच्या ना कुणाच्या हॉलमध्ये प्रयोग होत राहिले. दर वेळी जाऊबाईंना शब्द चांगले पाठ असत, आणि दर वेळी त्यांना ते आठवायला वेगळा वेळ लागे. कधी थोडा, कधी असा की माझा हात गळून पडावा. मी अंगठ्याकडे पाहत राही. तो हलला की सूर किंचित मंद करायचा, एवढेच आमचे तंत्र होते.

इथे एक सांगणे भाग आहे. आम्हा दोघींमध्येही एकदा सव्वा महिना अबोला होता. कारण लिहीत नाही, कारण ते आता दोघींनाही पटण्याजोगे वाटत नाही. पहिला शब्द कोण बोलले, यावर मात्र अजून मतभेद आहेत.

एका प्रयोगाचे मोबाईलवर केलेले चित्रण पुष्कळ फिरले आणि सरांचा एक जुना विद्यार्थी सावेडीत हजर झाला. तो आता दिग्दर्शक आहे, मोठमोठे कार्यक्रम बसवतो. मुलगा गुणी आणि विनयशील. सरांच्या पाया पडला, आम्हा दोघींच्याही पडला, आणि उठताना म्हणाला, ‘काकू, हे लार्ज स्केलवर करायचं.’ सरांचा चेहरा असा उजळला की विरोध करणे क्रूरपणाचे ठरले असते.

तालमीत एकेक गोष्ट कळत गेली. वाद्ये आधीच ध्वनिमुद्रित झाली होती; बारा व्हायोलिने होती. गाणी एका तयारीच्या गायिकेने पुण्यात गाऊन दिली होती. ‘तुम्ही फक्त ओठ हलवायचे, काकू,’ दिग्दर्शक म्हणाला.

‘जमेल की,’ जाऊबाई म्हणाल्या. ‘सासूबाईंपुढे तीस वर्षं तेच केलं.’

माझ्यासाठी एका बाजूला उंच चौथरा होता. पैठणी नेसून पेटीमागे बसायचे, बोटे फिरवायची, पण भाता उघडायचा नाही, कारण माईकमध्ये खरखर येते. मला अनेक वर्षांनी एखादे काम पूर्ण निर्दोष करता येणार होते.

जाऊबाईंनी एकच मागणी केली. ‘गाणी तिचीच असू देत. तिचा गळा सोन्याचा हाय. पण शेवटचे तीन शब्द मी बोलणार, माझ्या आवाजात.’ बोलता बोलता त्या माहेरच्या भाषेवर गेल्या, त्यावरून मी ओळखले की गोष्ट मनाला लागलेली आहे.

‘बघू, काकू,’ दिग्दर्शक म्हणाला. आमच्या जिल्ह्यात ‘बघू’ या शब्दाचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. तो विरामही त्याने चित्रणावरून घड्याळ लावून मोजला होता. अकरा सेकंद. बाराव्या सेकंदाला तीन शब्द, पुण्याच्या आवाजात. ‘तोंड तेव्हा उघडा, बस्स.’

 परतीच्या रिक्षात, सावेडी आल्यावर, जाऊबाई म्हणाल्या, ‘साठ वर्षांच्या बाईला बोलायला तीन शब्द मिळू नयेत?’ त्या सहासष्टच्या आहेत. मी दुरुस्ती केली नाही.

प्रयोग संध्याकाळी सातला होता. आजूबाजूच्या गावांतून टेम्पो भरभरून बायका आल्या होत्या. मागे भिंतीएवढा पडदा, त्यावर झाडे, आणि झाडांवर लाल-निळे, हातभर शेपटीचे पोपट. पुढे हिरव्या कपड्यांतली नाचणारी मुले. माझ्या चौथऱ्याच्या खालीच बसलेल्या दोघी बोलत होत्या.

‘असलं पाखरू आपल्याकडं आलं तर पेरू ऱ्हाईल का वं?’

‘पेरूचं सोड. मानूस उचलून न्हेईल.’

तरीही खरे ते लिहिले पाहिजे. सावेडीतल्या चाळीस प्रेक्षकांपैकी एकानेही आयुष्यात बाग राखली नव्हती. आम्ही जावांच्या टोमण्यांवर हसलो, ते अदबीने. मैदानावर पहिला टोमणा पडला आणि शेकडो बायका एकदम अशा हसल्या की व्हायोलिने ऐकू येईनात. दुसऱ्या टोमण्याला तर खालून एकीने स्वतःचे उत्तर जोडले, आणि ते सरांच्या ओळीपेक्षा सरस होते. सर पहिल्या रांगेत शाल सांभाळत मागे वळून वळून बघत होते. हॉलमध्ये हे घडले नव्हते, घडलेही नसते.

शेवटचा प्रसंग आला. जाऊबाईंचा चेहरा पडद्यावर घराएवढा दिसू लागला. कपाळावरचा घामाचा थेंबही दिसत होता. मला हवा होता तो पायाचा अंगठा, आणि तो एवढ्या मोठ्या पडद्यावर कुठेच नव्हता. व्हायोलिने सुरू झाली. मी मनात आकडे मोजू लागले. नऊ, दहा, अकरा. मग मैदानभर स्वच्छ, गोड आवाज घुमला, ‘दमलीस का गं?’

जाऊबाईंचे ओठ मिटलेलेच होते. घराएवढे मिटलेले ओठ! पुढच्या खुर्च्यांतून हसण्याची एक लहर आली. दिग्दर्शक कडेला डोके धरून उभा होता. जाऊबाई धाकटीकडे पाहतच राहिल्या. मला काय झाले ते सांगता येत नाही. मी भात्याची कडी काढली आणि षड्ज धरला. तो कोणालाही ऐकू गेला नाही. मलाही नाही. पण हात त्या कामाला ओळखत होता. पुष्कळ वेळाने पडद्यावर जाऊबाईंचे ओठ हलले. त्यांच्यापाशी माईक नव्हता. त्या काय बोलल्या ते फक्त धाकटीला ऐकू आले, आणि ती रडू लागली. मैदानावर कुणी हसत नव्हते.

आम्ही पडद्यामागे गुन्हेगारांसारख्या उभ्या असताना चौथऱ्याखालच्या त्या दोघींपैकी एक आत आली. तिने जाऊबाईंचा हात धरला. ‘बाई, लई खरं केलंत. पैलं मनात म्हनली, मंग तोंडानं. आमच्यात बी असंच हुतं. मनातलं तोंडात यायला टाईम लागतो.’

दिग्दर्शकाने हे ऐकले. पुढच्या आठवड्यात तो पेढे घेऊन सावेडीत आला. ‘काकू, तो इफेक्ट कायम ठेवायचा! आधी ट्रॅकवर मनातला आवाज, मग थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग तुम्ही. तुमच्या आवाजात, माईकवर, थेट.’

जाऊबाईंनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच त्यांना हे मिळवून दिले. मी काही केले नव्हते. चुकीच्या वेळी एक न ऐकू येणारा सूर धरला होता.

‘फक्त एक सांगा,’ दिग्दर्शकाने वही उघडली. ‘ट्रॅकवर व्हायोलिनं तेवढा वेळ धरावी लागतील. मधे किती सेकंद ठेवू?’

‘ते मला काय म्हाईत?’ जाऊबाई म्हणाल्या. ‘यंतील तवा यंतील.’

‘अंदाजे, काकू. आकडा हवा.’

त्याने दोन दिवसांची मुदत दिली. ती उद्या संपते. जाऊबाई काल संध्याकाळी आमच्याकडे चहाला आल्या, आणि बशीत चहा ओतता ओतता म्हणाल्या, ‘तू शिकलेली आहेस. सांग ना, किती सांगू?’

मी आमच्या सव्वा महिन्याचा हिशेब काढणार होते, पण थांबले. त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याकडे नजर गेली. तो स्वस्थ होता. म्हणून हा प्रश्न मी भीतभीतच आपल्यापुढे ठेवते. रुसलेल्या माणसाशी पहिला शब्द बोलायला आपल्याला किती वेळ लागला होता?