बंद गॅस, चालता कोळसा

मुलांनो, थंडीत बोर्लीच्या आपल्या वाडीत पोपटी लावतात, हे तुमच्या आईने सांगितले असेलच. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरायची, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करायचे, मडके जमिनीवर उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. यंदा तुमचा मामा आणि मामी आले होते, म्हणून ऊन उतरताच आजोबांनी जाळ पेटवला.

आजोबांची सगळी नोकरी विदर्भातल्या कोळशाच्या वीजकेंद्रात झाली. मामा इकडे गॅसच्या केंद्रात लागला. दोघे भेटले की टोमणे सुरू.

"बाबा, तुमचं केंद्र म्हणजे ही पोपटीच," मामा म्हणाला. "मडकं तापतं थोडं, आभाळच जास्त."

"आणि तुमच्याकडे धूर काय थंड निघतो?"

"आमच्याकडे त्या धुराकडूनही काम करून घेतात."

मग त्याने मला समजावून सांगितले. कोळशाने पाण्याची वाफ होते आणि वाफेवर वीज करणारे चक्र फिरते. दहा भाग उष्णता घातली, तर वीज होते साडेतीन भागांची, तीही केंद्र चांगले असेल तर. गॅस मात्र जळताना एक चक्र फिरवतो आणि त्याच्या गरम धुरावर पाणी उकळून दुसरे फिरते. दहातले पाच-साडेपाच हाती लागतात.

"आणि कोळशाचे उरलेले साडेसहा?" मी विचारले.

"थोडे धुराड्यातून जातात. बाकीचे वाफ थंड करायच्या पाण्यात," आजोबा शांतपणे म्हणाले.

केंद्राच्या वसाहतीत माझा संसार झाला. तुम्ही सुट्टीत आलात की मी तुमच्या मागे दिवे मालवत फिरायचे. आणि इतक्या वर्षांत आजोबा मला याबद्दल एका शब्दाने बोलले नाहीत!

"तू कधी विचारलंस?" ते म्हणाले.

"मग कोळशाचं बंद करा आणि याचं चालवा," मी म्हटले.

मामी मामाला हळूच म्हणाली, "अहो, आता तरी सांगा."

"आमचंच बंद पडलंय, आई," मामा म्हणाला. "गॅस बाहेरून जहाजानं येतो. त्या भावानं आमची वीज कोणी घेत नाही. कोळसा आपल्या जमिनीतला, स्वस्त. माझी बदली झालीय, बाबांच्या जुन्या केंद्रात. जायचं, नाहीतर नोकरी सोडायची."

"आणि पोरीचं दहावीचं वर्ष," मामीने जोडले.

आजोबांनी एवढेच विचारले, "कुठल्या संचावर?"

केंद्रात वीज करणारी मोठी यंत्रे असतात, त्यांना संच म्हणतात; मामाने आपला कुठला ते सांगितले.

"तो? तो अजून चालतोय?" आजोबा उभेच राहिले. "अरे, मी निवृत्त झालो तेव्हाच तो मोडीत निघणार होता!"

"चालतोय. पूर्ण ताकदीनं."

"तुमचं चांगलं मशीन गंजतंय, आणि त्या म्हाताऱ्याला पळवतायत?"

असा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मडक्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. शेंगांचा कोळसा झाला.

"जाऊ का नको, बाबा?"

आजोबांनी जळके मडके काठीने बाहेर ओढले. मग म्हणाले, "जा. पण ज्या नळ्यांवर वाफेचं परत पाणी होतं, त्या आधी बघ. तिथं गाळ साचला की तेवढ्याच विजेला जास्त कोळसा लागतो. मीच येतो दाखवायला."

"बाबा, तुमचे गुडघे!" मामी ओरडली.

"नळ्या काय गुडघ्यांनी बघायच्या आहेत?"

तर मामा तिकडे रुजू झाला, मामी आणि लेक दहावीसाठी इकडेच राहिल्या, आणि आजोबा खरोखरच गेले. काल त्यांचा फोन आला. नळ्या तुंबलेल्याच होत्या, आता साफ झाल्या. आवाजात केवढा आनंद!

"मग आता दहातले साडेतीन मिळतात ना?" मी विचारले.

"साडेतीन कुठले? तीनही धड मिळत नव्हते. आता तीन मिळतात."

एवढ्यासाठी मामा-मामीचे घर दोन ठिकाणी झाले, असे माझ्या मनात आले.

"ऐकतेस ना?" आजोबा विचारत होते. "अजून चार दिवस राहतो म्हणतोय."

"राहा," मी म्हटले. "पोराला एकट्याला जेवण गोड लागत नसेल."