साहेबांच्या गाडीचं पाणी

लातूर जिल्हा झाला तेव्हा लोकांनी पेढे वाटले. मीही खाल्ला. आमच्या खात्याचं ऑफिस उस्मानाबादहून इथं आलं, भाड्याच्या एका गोदामात बसलं आणि माझ्यासारख्या कारकुनाची एस्टीची रोजची हाडं खिळखिळी करणारी फेरी वाचली. दोन वर्षांत पावसानं पाठ फिरवली, तेव्हा कळलं की जिल्हा झाला म्हणून विहिरीला पाणी लागत नसतं. साहेब वाढले, साहेबांच्या गाड्या वाढल्या. गल्लीत टँकर मात्र चौथ्या दिवशी, तोही मनात आलं तर.

माझ्या भिंतीला भिंत लागून गुरुबसप्पा मिस्त्री राहायचा. मूळचा निलंग्याचा. बापाचं किराणा दुकान होतं, पण याचं मन तराजूत रमलं नाही. गूळ तोलता तोलता रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज ऐकून "ह्याचा फॅनबेल्ट ढिला हाय" म्हणणारा माणूस दुकान काय चालवणार? लातुरात येऊन त्यानं घरापुढच्या लिंबाखाली काम मांडलं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत काळे.

गाडीचं पाणी कुठून गळतं ते शोधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. इतर मिस्त्री रेडिएटर काढून पाण्याच्या हौदात बुडवायचे आणि बुडबुडे बघायचे. दुष्काळात हौद कुठून आणणार? गुरुबसप्पानं रेडिएटरच्या जुन्या झाकणाला भोक पाडून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व कथलाचा डाख देऊन बसवला होता, शेजारी हवेचा काटा बसवला होता. गाडी थंड झाली की हे झाकण लावायचं, सायकलच्या पंपानं काटा सात पौंडांवर न्यायचा आणि पाव तास बिडी न पेटवता बसायचं. काटा हलला नाही तर गाडी ठीक. खाली आला तर गळती आहे, मग ती कुठंही लपलेली असो. "माणूस खोटं बोलंल, काटा न्हाई बोलणार," असं तो म्हणायचा. मला तेव्हा ते फार पटायचं.

त्याची बायको महानंदा लोह्याची. तिच्या बापानं आंदण म्हणून लाल कंधारी कालवड दिली होती, तिचीच ही लेक, तांबडी. त्या वर्षी गल्लीतली सगळी जनावरं एक तर छावणीत गेली, नाहीतर बाजारात. महानंदावैनीनं तांबडी सोडली नाही. लेकरूबाळ नव्हतं, माहेरचं म्हणावं असं दुसरं काही उरलं नव्हतं. "पाऊस पडंपतूर ही जगली की मी जितले," म्हणायची. त्यासाठी त्या घरात पाण्याचा थेंब भुईवर पडत नव्हता. आंघोळीचं पाणी परातीत धरायचं, त्यात भांडी विसळायची, आणि गाळ खाली बसला की वरचं पाणी बादलीत घेऊन तांबडीपुढं ठेवायचं. 'सांडू नको' याचा त्या घरात एकच अर्थ होता.

आमच्या खात्याची मोटारशेड उघडणार होती आणि तिथं मिस्त्रीची कायमची जागा निघणार होती. साहेबांची अँबेसेडर नांदेडच्या रस्त्यावर दोनदा तापून थांबली होती. शोरूमवाल्यांना गळती सापडत नव्हती. मी साहेबांना म्हटलं, माझ्या शेजारी एक माणूस आहे. शेजाऱ्याचं भलं व्हावं हे खरं, पण साहेबांच्या नजरेत आपणही भरावं, हे त्याहून खरं.

एप्रिलातल्या एका रविवारी सकाळी साहेबांचा ड्रायव्हर व्यंकटी गाडी घेऊन आला. संध्याकाळी पाचला साहेबांना नांदेडला निघायचं होतं. गुरुबसप्पानं झाकण लावलं, पंप मारला, काटा सातावर नेला. पाच मिनिटांत काटा सहावर, दहा मिनिटांत पाचावर. नळ्या चाचपल्या, कोरड्या. वॉटरपंप कोरडा. मग तो पाठीवर झोपून गाडीखाली शिरला आणि ओरडला, "घावली! खालच्या टाकीच्या डाखात हाय!" थेंब बोटावर घेऊन त्यानं जिभेला लावला. पाण्याची चव बघायची त्याची सवयच होती, बोअरचं खारं पाणी आहे की टँकरचं, ते त्याला लगेच कळायचं.

"गोड हाय की रं हे," तो म्हणाला.

"थुंका अप्पा, थुंका!" व्यंकटी किंचाळला. "इख हाय त्ये! साहेबांनी मुंबईहून दवा आणून घातलीया. इंजन तापू देत न्हाई."

गुरुबसप्पा थुंकला, चूळ भरली. मी हसलो. आम्ही तिघंही हसलो. वैनी अजून चाऱ्याहून परतली नव्हती.

डाख द्यायला रेडिएटर काढायला हवा होता. त्यानं खालची तोटी उघडली आणि हिरवट पाणी बादलीत धरलं. पाऊण बादली भरली. दवा महागाची, परत घालता येईल, असा त्याचा हिशेब. रेडिएटर रिक्षात ठेवता ठेवता त्यानं घाईत आत हाक मारली, "महानंदे, त्या बादलीतलं पाणी सांडू नको बरं का!" आणि आम्ही गंजगोलाईकडं डाखवाल्याच्या दुकानी गेलो.

दुपारी परत आलो तर बादली दाराशी पालथी घातलेली.

"पाणी कुठाय?"

"तांबडीला ठिवलं," वैनी म्हणाली. "लई दिसांनी पोटभर प्याली बघा. बादली चाटून काडली."

गुरुबसप्पाचा चेहरा पडला. मला वाटलं, हा आता गाईकडं धावणार. तो म्हणाला, "आता साहेबांच्या गाडीत काय घालू?"

घरातल्या दोन घागरी, चौथ्या दिवशीच्या टँकरच्या, त्या गाडीत गेल्या. पुन्हा झाकण, पुन्हा पंप. काटा सातावर गेला आणि पाव तास तिथंच उभा राहिला. गुरुबसप्पा हसला. हसला, हे मी स्वतः पाहिलं. पाचाच्या आत गाडी गेली.

दिवेलागणीला तांबडी झोकांड्या द्यायला लागली. शिंदी प्यायलेल्या माणसासारखे पाय टाकत होती. मग बसली, आणि धापा टाकायला लागली. वैनी तिच्या मानेशी बसून म्हणाली, "अवो, त्या गाडीच्या पाण्यानं तर न्हाई झालं?"

"छे," गुरुबसप्पा म्हणाला. "गाडीचं पाणी त्ये. त्यानं काय हुतंय? तू सकाळी काय घातलंस ते सांग."

सकाळी तिनं दीड कोस चालून हिरवा चारा आणला होता. मागच्या आठवड्यात अवकाळी सडा पडून गेला होता आणि कुणाच्या तरी रानातल्या ज्वारीच्या बुडख्यांना कोंब फुटले होते. तेच खुडून, पदरात बांधून आणले होते. कोवळ्या ज्वारीनं जनावराला किराळ लागते, विष भिनून ते दगावतं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. ती पांढरीफटक पडली. "पर लई थोडी व्हती वो. मूठभर," एवढंच म्हणाली.

गुरुबसप्पानं माझ्याकडं पाहिलं. मी गाईकडं पाहिलं.

सकाळी जनावरांचे डॉक्टर आले. काय खाल्लं, विचारलं. वैनीनं तोंड उघडायच्या आत गुरुबसप्पा म्हणाला, "कोवळी ज्वारी." "आणखी काही?" "न्हाई." डॉक्टरांनी किराळेचं इंजेक्शन दिलं, गुळाचं पाणी पाजायला सांगितलं. खरं कळलं असतं तर गाय वाचली असती का, मला माहीत नाही. पण त्यांनी विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं. दुपारी बाराच्या सुमाराला तांबडी गेली.

गल्लीतल्या बाया आल्या आणि आपल्या परीनं सांत्वन करून गेल्या. "एवढी शानी तू, आन् कोंब घातलेस व्हय गं?" असं सांत्वन. वैनी प्रत्येकीला 'व्हय' म्हणत होती. गुरुबसप्पा लिंबाखाली बसून पान्हे पुसत होता.

आधी लाजेनं बोलला नसेल. नंतर भीतीनं. साहेबांच्या दवेनं गाय मेली ही बोंब झाली असती तर जागा गेली असती, आणि साहेबांना त्याचं नाव सुचवणारा मीही गोत्यात आलो असतो. म्हणून मी त्याला कधी टोकलं नाही. आज त्याला नावं ठेवताना माझी जीभ फार सैल सुटते, पण तेवढ्यापुरतीच. महिन्याभरानं नेमणुकीचा कागद मीच टाइप केला, मीच त्याच्या हातात दिला. पुढं बावीस वर्षं त्यानं इमानानं नोकरी केली. त्याच्या हातून गेलेली एकही गाडी रस्त्यात तापली नाही, असं साहेब लोक सांगत.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. वैनीचा भाऊ लोह्याहून तांबडीच्याच वेलीतली एक कालवड घेऊन आला. देखणी, तकतकीत लाल. त्या दिवशी रविवार होता, मी चहाला बसलो होतो. वैनी बाहेर आली. तिनं कालवडीच्या पाठीवरून हात फिरवायला नेला आणि मध्येच मागं घेतला.

"घिऊन जा दादा," ती म्हणाली. "माजा हात इखारी हाय. माज्या हातनं जनावर जगत न्हाई."

भावानं गुरुबसप्पाकडं पाहिलं. आता तरी हा बोलेल, असं मला वाटलं. गुरुबसप्पा म्हणाला, "नगं म्हंती तर ऱ्हाऊ द्या."

भाऊ कालवडीला घेऊन परत निघाला. वैनीनं माझी रिकामी कपबशी उचलली आणि विचारलं, "भाऊसाब, अजून थोडा देऊ का?"

मी म्हणालो, "द्या."