कॅनची साक्ष

रोहिणीला कुणी खोटं पाडलं की तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. माहेरच्यांना हे लहानपणापासून ठाऊक होतं, नवऱ्याला लग्नानंतर आठवड्याभरात कळलं आणि संस्थेतल्या भारत सरांना त्या सोमवारी.

तिचं काम सांगायला सोपं. नाशिकच्या एका संस्थेसाठी ती पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर जायची, बायकांपुढे बसकण मारायची आणि विचारायची, "काल दिवसभरात काय काय खाल्लं?" आमटी किती वाट्या, भाकरी केवढी, सगळं खोदून खोदून. नुसत्या सांगण्यावर मात्र संस्थेचा विश्वास नव्हता. म्हणून प्रत्येकीला पांढरे कॅन द्यायचे आणि त्यांत दिवसभराची लघवी साठवायला सांगायची. डाळ, अंडी, मासळी, पोटात जे गेलं त्यातल्या प्रथिनांचा हिशेब लघवीत उतरतो. तोंड काहीही बोलो, कॅन आपलं खरं तेच बोलतो. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, रोहिणीही हसायची आणि कॅन घेऊनच उठायची.

त्या सोमवारी एका पाड्याचा निकाल आला. बायकांचं सांगणं भरल्या ताटाचं आणि कॅन उपाशी!

"रोहिणीताई, स्पष्टच विचारतो," भारत सर म्हणाले. "घरी बसून फॉर्म भरलेत का?"

नाकाचा शेंडा पेटला. "सर, मी पायपीट करून एकेकीच्या चुलीपाशी बसून आलेय."

"मग बायका खोटं बोलतात."

"तिथली चांगुणा खोटं बोलणारी बाई नाही. बाकीच्याही नाहीत."

"मग कॅन खोटा? हे बघा, उलगडा झाला नाही तर तो पाडा अभ्यासातून काढावा लागेल. आणि तुमचं नावही."

नोकरी गेली असती तर दुसरी शोधली असती तिने. पण खोटारडी म्हणून जायचं? छे! तिचे वडील विहारातून येताना नेहमी म्हणायचे, "कुणी सांगितलं म्हणून मानू नकोस, पोरी. बुद्धानं सांगितलं म्हणूनही नको. स्वतः तपासून बघ."

"मला कॅन द्या," ती म्हणाली.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. मी खाल्लेलं लिहिते, तुम्ही तपासा. मग कळेल कोण खोटं ते."

पुढचे तीन दिवस नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या तिच्या दोन खोल्यांत नुसता गोंधळ होता. कॅन कापडी पिशवीत घालून ती नणंदेच्या बाळाच्या बारशालासुद्धा गेली. प्रफुल्ल, तिचा नवरा, म्हणाला, "अगं, लोक विचारतील आहेरात काय आणलं!" तिने लक्ष दिलं नाही. पोहे, वरण, रात्रीची दोन उकडलेली अंडी, ताटात वाढून घेतलेला कण न् कण तिने लिहिला. कॅन तोंडावर आपटणार याची तिला खात्री होती.

आपटली ती. तिचाही कॅन उपाशी निघाला. भारत सरांनी निकालाचा कागद तिच्यापुढे सरकवला.

त्या संध्याकाळी ती जेवायला बसली तेव्हा घास गोड लागत नव्हता. शेजारी तिची मुलगी संजना. स्वतःची अंडी संपवून संजनाचा हात सवयीने आईच्या ताटाकडे आला, आणि रोहिणीने बघितलं, तिचा स्वतःचा हात आधीच अंडं पुढे सरकवत होता.

हात तिथेच थांबला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तिने पेठ गाठलं. चांगुणा अंगणात नागली पाखडत होती.

"चांगुणा, कॅन भरलास त्या दिवशी तुझ्या ताटातलं कुणी कुणी खाल्लं?"

"आं? पोरांनी. धाकला मांडीवर, थोरली बाजूला. त्यांचं सरलं का माझ्यातलं उचलतात."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं, ताई? आयचं ताट हाय ते. मी वाढून घेतलं तेवढं सांगितलं. खोटं नाय बोलले."

"नाही गं बाई," रोहिणी म्हणाली. तिला रडू आणि हसू एकदमच आलं. "मीही नाही बोलले."

परत येऊन ती भारत सरांच्या टेबलापुढे उभी राहिली. पाडा काढायचा नाही, प्रश्न बदलायचा, असं तिने ठणकावलं. काय वाढून घेतलं हे विचारायचं आणि त्यातलं कुणाला दिलं हेही विचारायचं. सरांनी पुन्हा कॅन दिले, ती पुन्हा पाडा चढली. या खेपेला सांगणं आणि कॅन जुळले. तंतोतंत नव्हे, पण जुळले. सर खाकरले, म्हणाले, "तेव्हा मी जरा जास्तच बोललो, ताई."

"बोललात," ती म्हणाली आणि घरी आली.

जेवताना संजनाचा हात पुन्हा ताटाशी आला.

"तुला हवं तर आणखी उकड. डब्यात आहेत," रोहिणी म्हणाली. "हे माझं."

"आई!" संजना बघतच राहिली.

संजना ताटाशी बसायला लागल्यापासून रोहिणीने आख्खं अंडं एकटीने खाल्लं नव्हतं. पहिलं अंडं तिने सावकाश संपवलं. घोटभर पाणी पिऊन तिने डोळे पुसले आणि दुसरंही अंडं उचललं.