भुजंगचं मशीनखालचं फ्रेंच

मी इंग्रजीत एम.ए. आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं माझीच जिरणार आहे.

१९९८ साली जालन्याच्या एका बियाणे कंपनीत मी कारकून होतो आणि वाटूरचा भुजंग रोजंदारीवर फिटर. शिक्षण सातवी. त्या उन्हाळ्यात हरभऱ्याचा दाणा न् दाणा निवडणारं मशीन फ्रान्सहून आलं. आत काचेचा डोळा. डागी दाणा दिसला की हवेच्या फुंकरीनं बाहेर. ते बसवायला बेर्नार नावाचा मेकॅनिक आला. त्याला इंग्रजी येत नव्हतंच म्हणा ना.

मी ऑफिसात डिक्शनरी चाळत बसलो. भुजंग त्याच्याबरोबर सरळ मशीनखाली आडवा झाला. दोन महिने दोघं एका डब्यातली भाकर खायचे, आणि हातात येईल त्याचं नाव भुजंग विचारून घ्यायचा. पुस्तकी नाही, कामगाराच्या तोंडचं. चाललं की ‘सा मार्श’. अडकून बसलं की ‘इलेप्लाँते’. नाव आठवेना त्या वस्तूला ‘त्र्युक’, म्हणजे आपलं ‘ते हे’. मशीन रेंगाळलं तर ‘सा राम’.

“राम राह्यला न्हाई, असं ध्यानात ठेवायचं साहेब,” तो मला शिकवायचा. मला! मी म्हणायचो, “वाटूरच्या फाट्यावर फ्रेंचचं दुकान टाकतो का रे?” तो नुसता हसायचा.

बेर्नार गेला. खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या यंत्रांची पूजा झाली, हळदकुंकू, झेंडूचे हार. दसऱ्यानंतर मशीन चालू केलं, तर ते चांगलाच हरभरा बाहेर फेकायला लागलं. पेरणी तोंडावर, गाड्या दारात, इंजिनियरनं हात टेकलेले. मालक अण्णासाहेब तापट माणूस. “ज्यानं हात लावला असंल तो गेटच्या बाहेर,” म्हणाले. दिवाळीला भुजंगला कायम करायचं ठरलं होतं. घरात कमावता तो एकटाच.

मी फ्रान्सला फोन लावला. माझ्या झकास इंग्रजीवर बेर्नार नुसता “पार्दों, पार्दों” करत राहिला. शेवटी भुजंगनं रिसीव्हर मागितला.

खरं सांगतो, अंगावर काटा आला. तेलकट कपड्यातला हा माणूस सातासमुद्रापलीकडच्या माणसाशी गावातल्या मैतरासारखा बोलत होता. हातवारे करत होता, हसत होता, शब्द अडला की ‘त्र्युक’ म्हणून पुढं जात होता. मी आयुष्यभर इंग्रजी वाचलं, पण असं कुणाशी बोललो नव्हतो. मग बेर्नारनं काहीतरी विचारलं आणि भुजंगचा चेहराच उतरला. हळूच म्हणाला, “से मा फोत.” पलीकडून हसण्याचा आवाज आला.

त्यानं फोन ठेवला. अण्णासाहेबांनी विचारलं, “काय म्हणला?”

खोलीत कुणालाच एक शब्द कळला नव्हता. वायर ढिली झाली म्हणाला असता, तरी आम्ही मान डोलावली असती. मी तर तेच म्हटलं असतं.

“डोळ्यावर कुंकवाचा थर बसलाय,” भुजंग म्हणाला. “तेलात कालवलेलं कुंकू. पूजेला झाकण उघडून मीच लावल्तं. वाटलं, सगळं ह्या डोळ्यावर चालतंय, तर टिळा तिथंच पाह्यजे. पुसलं बी होतं, पण बराबर निघालं न्हाई. मऊ फडक्यानं, स्पिरिटनं पुसायचं म्हणला.”

अण्णासाहेब म्हणाले, “आम्हाला कुठं कळलं होतं? कशाला सांगितलंस?”

“‘से मा फोत’, चूक माझी, असं त्याला त्याच्या भाषेत खरं सांगितलं मालक. मंग तुम्हाला आपल्या भाषेत खोटं कसं सांगू?”

अण्णासाहेब स्पिरिटची बाटली आणायला स्वतः उठले. दिवाळीच्या आदल्या दिवशी भुजंगला कायम केल्याचं पत्र मीच टाइप केलं.