मत्रहच्या किल्ल्यावर दोन आज्या

वसईहून मस्कतला निघाले ती किल्ले पाहायला नव्हे. सात वर्षांच्या नातीला, इराला, सुट्टीसाठी घरी आणायचं होतं. मुलगा आणि सून तिथे नोकरीला, दोघांनाही रजा नाही. पण सुनेची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, चिपळूणहून आधीच तिथे जाऊन बसल्या होत्या. कोणत्या आजीबरोबर जायचं ते इराच ठरवणार होती.

विमानतळावर इरा "हाय आजी" म्हणत बिलगली आणि लगेच विहीणबाईंचा हात धरून चालू लागली. माझ्या पोटात दुखलं. घरी सुरमईचं (इथे तिला कनद म्हणतात) कालवण होतं, विहीणबाईंच्या हातचं. दोनदा वाढून घेतलं. कौतुक मात्र माशाचं केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी मस्कतमधल्याच मत्रहच्या किल्ल्यावर गेलो. खाली निळं बंदर, मागे बोडके तपकिरी डोंगर. किल्ला कसा लख्ख राखलेला! आमच्या वसईच्या किल्ल्यात झाडं भिंती फोडून वर आलीत. त्याचाही हेवा वाटला. पायऱ्यांवरचा ओमानी रखवालदार विहीणबाईंना म्हणाला, "अम्मा, आराम से. पोती बहुत अच्छी है आपकी."

"दादी मैं हूँ," मी ठणकावलं.

"माशाल्ला, दो-दो!" तो हसला.

वर बसल्यावर मी गोष्ट काढली. किल्ले म्हणजे माझा हातखंडा विषय. "हा पोर्तुगीजांचा किल्ला, आपल्या वसईसारखाच. ओमानी सैन्याने मस्कतला वेढा घातला. आतले सैनिक थकले, उरलेसुरले जहाजात बसून निघून गेले. वसईत मराठ्यांनीही त्यांना असंच घालवलं. पण मानाने हं, ताशे वाजवत जाऊ दिलं!"

"किड्स पण गेले?" इराने विचारलं.

"गेले की. जिंकलं कोण ते विचार ना!"

"मग त्यांची स्कूल?"

विहीणबाईंनी तिला जवळ ओढलं. "सुटली गो शाळा. मैत्रिणीपण सुटल्या. रडली असतील पोरं."

इराने त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं. वर्षापूर्वी मुलाची ओमानमधल्याच सलालाहहून मस्कतला बदली झाली, तेव्हा तिचीही शाळा आणि जिवाची मैत्रीण मागे राहिली होती. मला हे ठाऊक होतं. सुचलं मात्र त्यांना.

संध्याकाळी इरा माझ्याजवळ आली. "आजी, मी चिपळूणला जाणार. तू अँग्री नको होऊ."

"छे गं," म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

निघताना विहीणबाईंनी माझी ओटी भरली. तांदूळ, खण आणि सलालाहचा नारळ. "पुढच्या सुट्टीत तुमच्याकडेच हो, ताई," म्हणाल्या. त्यांचे डोळेही भरले होते. बाईत खोट काढावी, तर तेवढीही सोय नाही.

वसईत शेजारीण दारातच उभी. "नात कुठाय?"

"येईल," म्हटलं.

प्रवासाने माणसाचं मन मोठं होतं म्हणतात. मस्कत त्या मानाने जवळच असावं. घरात शिरल्या शिरल्या ओटीतला नारळ फोडला. खवट निघावा, अशी मनापासून इच्छा होती. मेला साखरेसारखा गोड निघाला. ह्यांना एक तुकडाही न देता मी एकटीने तो सगळा खाल्ला.